अन्नपूर्णेच्या वाटेवरचे दोन कोरे दिवस

दिवाळीच्या सुट्टीत कोठे जायचे हा प्रश्न आमच्या घरी गणपती उठले की निघतो आणि घटस्थापनेपर्यंत कसाबसा मिटतो. २०१८ साली मात्र तो मी एकट्याने, एका रात्रीत मिटवून टाकला. नेपाळात जायचे आणि अन्नपूर्णा शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून ४,१३० मीटर उंचीवर जो तळ आहे तेथवर पायी चालत जायचे, असा बेत मी जाहीर केला. सौ.ने विरोध केला नाही. लग्नात गौरीहराशी पुजलेली अन्नपूर्णेची पितळी मूर्ती आमच्या देवघरात तांदळाच्या वाटीत बसलेली आहे आणि रोज सकाळी तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय आमच्या घरी चूल पेटत नाही. त्या देवीच्या नावाचा पर्वत पाहायचा म्हटल्यावर ती नाही कशाला म्हणेल?

त्या बेताचा कागद अजून माझ्याजवळ आहे. नऊ दिवसांची रजा, नऊ रकाने, आणि एकाही रकान्यात श्वास घ्यायला जागा नाही. तेव्हा मला त्या कागदाचा फार अभिमान वाटला होता. आता तो मी जपून ठेवला आहे तो एवढ्यासाठीच, की डोंगराळ मुलखातली सुट्टी कशी आखू नये याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. पुढे पाच वर्षांनी, २०२३ च्या दिवाळीत, आम्ही पुन्हा त्याच वाटेने गेलो. त्या खेपेचा बेत सौ.ने आखला होता. त्या दोन कागदांत जो फरक होता तो मला वाचकांपुढे ठेवायचा आहे. हल्ली पुण्या-मुंबईची पुष्कळ कुटुंबे हिमालयात चालायला निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कुटुंबप्रमुखांच्या खिशात माझ्यासारखाच एखादा कागद असावा अशी मला शंका आहे.

पहिला कागद

पहिल्या खेपेस आम्ही तिघे होतो : मी, सौ. आणि तिचा धाकटा भाऊ. कन्या तेव्हा आठ वर्षांची होती. तिला आजीपाशी ठेवले होते. मेहुणा तिशीचा, अंगापिंडाने काटक, पहाटे उठून दहा-दहा मैल धावणारा. 'हा असताना आपल्याला काळजी कसली,' असे मी सौ.ला दहा वेळा सांगितले होते.

माझी चूक हिशेबाची होती. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसे. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, ते १,६४६ मीटर. आपल्याकडे सकाळी चढावे, वर पिठलेभाकरी खावी आणि संध्याकाळी घरी परतावे. दम लागतो, पाय दुखतात; परंतु हवा काही कमी पडत नाही. मी नकाशावर दोऱ्याने अंतर मोजले, रोज किती चालवेल ते ठरवले आणि मुक्काम टाकले. चौथ्या दिवशी आम्ही दोभानहून निघालो. दोभान सुमारे २,६०० मीटरवर. वाटेत देउराली लागले, ३,२०० मीटरवर. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सौ. म्हणाली, "आज इथेच राहू या." मी तिला कागद दाखवला. कागदात मुक्काम माछापुच्छ्रेच्या तळावर लिहिला होता, म्हणजे ३,७०० मीटरवर. एका दिवसात अकराशे मीटर!

आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता. मेहुण्याने दोघांचे सामान उचलले होते. जेवायला बसल्यावर त्याने भाताला हात लावला नाही. मी विचारले तेव्हा म्हणाला, "काही नाही, भावोजी, जरा थकलोय." दुपारपासून त्याचे डोके ठणकत होते हे त्याने आम्हाला पुण्यात आल्यावर सांगितले. मध्यरात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. उठून बाहेर जाताना तो दारू प्यायल्यासारखा भिंतीवर आदळला. आमच्या वाटाड्याला हाक मारली. त्याने एकच गोष्ट केली. जमिनीच्या दोन फळ्यांमधली रेघ दाखवून तो म्हणाला, "या रेघेवरून टाचेला अंगठा लावून चाला." पहाटे दहा मैल धावणाऱ्या माणसाला त्या रेघेवर चार पावले टाकता आली नाहीत.

"सकाळपर्यंत थांबू, मग उतरू," मी म्हणालो. वाटाड्याने मान हलवली आणि बूट घालायला घेतले. बॅटरीच्या उजेडात, दोन्ही बाजूंनी धरून, आम्ही त्याला पुन्हा देउरालीला उतरवले. तीन तास लागले. एका बाजूला मोदी खोलाचा आवाज होता, दुसरीकडे सौ. होती, आणि ती एक शब्दही बोलत नव्हती. मला पाण्याच्या आवाजापेक्षा तिच्या गप्प राहण्याची भीती अधिक वाटत होती. उजाडले तेव्हा मेहुण्याने डोळे उघडले आणि चहा मागितला. त्या एका कप चहाची किंमत मी अजून कोणाला सांगू शकत नाही.

तेथूनच आम्ही परतलो. अन्नपूर्णा पाहिलीच नाही. सौ. माझ्याशी पोखऱ्याला पोहोचल्यावर बोलली, आणि तेही तिकिटे कोणाजवळ आहेत एवढेच विचारण्यापुरते.

उंचीचे गणित

घरी आल्यावर मी आधी करायला हवा होता तो अभ्यास केला. त्याचा सारांश असा.

उंचावर हवेतला प्राणवायूचा वाटा तोच राहतो, पण हवेचा दाब उतरतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू कमी होतो. अन्नपूर्णेच्या तळावर हा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ साठ टक्केच असतो. शरीर याची सवय करून घेते, परंतु तिला दिवस लागतात. तास पुरत नाहीत. म्हणून गिर्यारोहणाच्या वैद्यकात साधा नियम आहे : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या झोपण्याच्या जागेपेक्षा उद्याची जागा ५०० मीटरहून अधिक उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस चढ न चढता काढावा. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आले तर हरकत नाही, उलट चांगलेच. हिशेब धरायचा तो झोपण्याच्या जागेचा.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. अंगातली ताकद आणि उंचीची बाधा यांचा काही संबंध नाही. धावणारा तरुण आजारी पडतो आणि त्याची पन्नाशीची आत्या मजेत चहा पिते, असे नित्य घडते. किंबहुना तरुणच अधिक फसतो, कारण तो भराभर वर जातो आणि दुखले तरी सांगत नाही. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही पहिली चिन्हे. एवढे झाले की वर जाणे थांबवावे. तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा स्वस्थ बसूनही धाप लागली, तर ती मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची खूण. मग रात्र असो की पहाट, खाली उतरणे हाच उपाय. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी सवय होण्याला मदत करते, परंतु ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधे ज्यांना सोसत नाहीत त्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नाही. आणि गोळी घेतली म्हणून चढण्याचा नियम सुटत नाही. मद्य आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

या पर्वताचा इतिहास वाचतानाही हेच ध्यानात येते. ८,०९१ मीटर उंचीची अन्नपूर्णा ही मनुष्याने माथ्यापर्यंत चढून पाहिलेली आठ हजार मीटरवरची पहिली पर्वतराणी. ३ जून १९५० रोजी मॉरिस एर्झॉग आणि लुई लाशनाल हे फ्रेंच गिर्यारोहक माथ्यावर पोहोचले. पण उतरताना हिमदंशाने एर्झॉगची हातापायांची बोटे गेली आणि लाशनालच्या पायांची. शेजारचे माछापुच्छ्रे, म्हणजे माशाच्या शेपटीसारखे दुभंगलेले शिखर, ६,९९३ मीटरचे. १९५७ साली जिमी रॉबर्ट्स यांची ब्रिटिश तुकडी त्याच्या माथ्याच्या थोडेसे खालून परत फिरली. त्या शिखरावर चढण्याची पुढे बंदी झाली, आणि परत फिरल्याबद्दल त्यांना कोणी हसल्याचे मी वाचलेले नाही. याच रॉबर्ट्स यांनी १९६४ साली काठमांडूला पाहुण्यांना पायी हिंडवून आणणारी पहिली संस्था काढली. आज आपण ज्याला ट्रेक म्हणतो तो व्यवसाय नेपाळात तेथून सुरू झाला.

महिना कोणता, दिवस किती

नेपाळात चालायला दोन मोसम चांगले. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि वसंतात मार्च-एप्रिल, जेव्हा लालीगुराँसची झाडे डोंगरभर फुलतात. आपल्या शाळांना दिवाळीची सुट्टी असते ती नेमकी पहिल्या मोसमात. आकाश बहुधा स्वच्छ, थंडी सोसवण्याजोगी. ऑक्टोबरात मात्र वाटेवर जत्रा असते. वरच्या मुक्कामांवर खोल्या थोड्या असल्याने उशिरा पोहोचणाऱ्यांना जेवणाच्या दालनात बाकांवर झोपावे लागते. नोव्हेंबरचा मध्य त्या मानाने शांत.

'बहुधा स्वच्छ' हे शब्द मी मुद्दाम लिहिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये आपल्या विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आलेल्या हुदहुद चक्रीवादळाचे ढग उत्तरेला सरकले आणि अन्नपूर्णेच्या पलीकडच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात भर मोसमात हिमवादळ झाले. चाळीसहून अधिक माणसे दगावली. जानेवारी २०२० मध्ये आमच्याच वाटेवर, देउरालीच्या आसपास, हिमकडा कोसळून सात जण गेले. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. डोंगरात दोन दिवस थांबण्याची सोय ज्याच्या बेतात नाही, त्याला ढग दिसत असूनही पुढे जावे लागते, एवढेच सांगायचे आहे. बर्फ पडले असेल तर हिमालय ते माछापुच्छ्रे तळ हा टप्पा वाटाड्याला विचारूनच, आणि तोही सकाळी लवकर, ओलांडावा.

घरबसल्या करायची तयारी

२०२३ ची तयारी आम्ही जूनमध्ये सुरू केली. हिमालयात जाऊन आलेले लोक शिखरांची वर्णने करतात, पायऱ्यांची करीत नाहीत. अन्नपूर्णेची वाट म्हणजे दगडी पायऱ्यांचा न संपणारा जिना आहे. छोमरोंग गावातून ओढ्यापर्यंत उतरायला दोन हजारांच्या आसपास पायऱ्या, आणि पूल ओलांडला की पुन्हा समोरच्या डोंगरावर चढायच्या. परतताना हाच प्रसाद उलट क्रमाने.

म्हणून आमचा सराव पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर झाला. प्रथम दोनदा, मग चारदा, दसऱ्यापर्यंत दहादा. रविवारी सिंहगड, पाठीवर पाच किलो वजन घेऊन. वर चढण्याचे कौतुक करू नये. गुडघे बोलतात ते उतरताना. उतरणीसाठी दोन काठ्या घ्याव्यात, त्या म्हातारपणाचे लक्षण मुळीच नव्हेत. बूट निदान दोन महिने आधी घ्यावे आणि त्यांतच भाजी आणायला जावे. पायाची नखे निघण्यापूर्वी कापावी. नाहीतर उतरणीवर बुटाच्या टोकाला आपटून ती काळीनिळी होतात.

कन्या आता तेराची झाली होती. तिला बरोबर न्यायचे ठरले तेव्हा सौ.ने एक नियम घातला : सर्वांत पुढे वाटाड्या, त्याच्या मागे कन्या, आणि तिच्या पावलाने सगळे. माझ्या जुन्या बेतात वेग मेहुण्याचा होता. तो येईल की नाही ही शंका होती, पण सौ.ने फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुझा कागद असेल तर येतो."

सामान, पैसा आणि माणसे

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाणाऱ्या प्रौढांनी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र बरोबर ठेवावे. खर्च वाचवायचा असेल तर रेल्वेने गोरखपूर, तेथून सोनौलीची सीमा आणि पुढे बसने पोखरा असाही मार्ग आहे. मात्र त्यात दोन दिवस जातात आणि अंग मोडते. काठमांडू ते पोखरा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटर, पण तो डोंगरी रस्ता आहे, दिवस जातो. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागते, हे कन्येला फार आवडले. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. हा दर १९९३ पासून तोच आहे. पोखऱ्यातच पुरेशी रोकड काढून घ्यावी. वर गेल्यावर बँक नाही, आणि आंघोळीचे गरम पाणी, फोनला वीज, सगळ्याला वेगळे पैसे पडतात. खोली स्वस्त असते, परंतु जेवण त्याच घरी घ्यावे अशी रीत आहे, आणि ती पाळावी.

हा सगळा मुलूख १९८६ पासून संरक्षित क्षेत्र आहे, त्याचा परवाना लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना त्यात सवलत मिळते. एप्रिल २०२३ पासून परदेशी पाहुण्यांनी परवानाधारक वाटाड्या घ्यावा असा नियमही झाला. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. दसरा-दिवाळीत कचेऱ्या कधी बंद हेही विचारून ठेवावे, कारण तेथेही तेच सण असतात. मी म्हणेन, नियम नसता तरी वाटाड्या घ्यावाच. फळ्यांची रेघ दाखवणारा तो माणूस नसता तर हा लेख लिहिण्याची माझी छाती झाली नसती. थोरल्या भावाला नेपाळीत 'दाइ' म्हणतात. कन्येने पहिल्याच दिवशी "दाई, पाणी द्या," अशी हाक मारली तेव्हा सौ.ला हसू आवरेना.

ओझे वाहणाऱ्याला 'भरिया' म्हणतात. आपले सामान दुसऱ्याच्या पाठीवर जाणार म्हटले की आपण त्यात काहीही कोंबतो. आम्ही घरच्या काट्यावर प्रत्येकाची पिशवी तोलली : माणशी सहा किलो, चौघांचे चोवीस, आणि त्यासाठी एक नव्हे तर दोन भरिये. त्यांच्या अंगावर पुरेसे गरम कपडे आहेत का, पायांत बूट आहेत का, त्यांचा विमा आहे का, हे आधी पाहावे. आपला विमाही काढावा, आणि त्यात ४,००० मीटरवरचे चालणे व हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च धरला आहे की नाही ते बारीक अक्षरांत वाचावे.

फराळाविषयी एक अनुभव सांगतो. पहिल्या खेपेस मी चकल्या नेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांची भाजणी झाली. दुसऱ्या खेपेस सौ.ने आलेपाक, खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि मेतकुटाची डबी घेतली. मेतकुटाने फार साथ दिली. वर भूक मरते, पण ऊन भातावर मेतकूट पाहिले की मराठी माणूस दोन घास जास्त खातो. वाटेत डाळ-भात सगळीकडे मिळतो आणि मागाल तितका पुन्हा वाढतात. छोमरोंगच्या पुढे देवभूमी मानून मांस नेत नाहीत. आमच्यासारख्यांची त्यामुळे चांगलीच सोय झाली.

दुसरा कागद

सौ.चा कागद असा होता. पहिला मुक्काम घांद्रुक, सुमारे २,००० मीटर. दुसरा छोमरोंग, २,१७०. तिसरा बांबू, २,३००. चौथा हिमालय नावाच्या वस्तीवर, २,९००. पाचवा देउराली, ३,२००. सहावा माछापुच्छ्रे तळ, ३,७००. सातव्या दिवशी पहाटे अन्नपूर्णेचा तळ पाहून त्याच दिवशी पुन्हा देउराली. मग तीन दिवस उतरणे. आणि या सगळ्यानंतर दोन रकाने, ज्यांत काहीच लिहिले नव्हते.

"हे काय?" मी विचारले.

"हे कोरे दिवस. लागतील तिथे वापरायचे. नाही लागले तर पोखऱ्याच्या फेवा तळ्यात होडी वल्हवू."

दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची रजा, चौघांचा खर्च. मी कुरकुरलो. तिने फक्त माझा २०१८ चा कागद टेबलावर ठेवला.

लक्ष्मीपूजन आम्ही पोखऱ्यात केले. नेपाळातली दिवाळी म्हणजे तिहार. एक दिवस कावळ्याचा, एक कुत्र्याचा, मग गाय, बैल आणि शेवटी भाऊ. कुत्र्याच्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याच्या कपाळी कुंकू आणि गळ्यात झेंडूची माळ. कन्येने त्या दिवशी एकाही शिखराकडे पाहिले नाही. भाऊबीज छोमरोंगला आली. घरमालकीण आपल्या भावांना सात रंगांचा टिळा लावीत होती. सौ.ने तिच्याकडूनच निरांजन मागून घेतले आणि भावाला ओवाळले. त्याने खिशात हात घातला. ती म्हणाली, "पैसे नकोत. डोके दुखले तर लपवणार नाहीस, एवढे वचन ओवाळणीत घाल." तो काही बोलला नाही. नुसती मान हलवली आणि बराच वेळ समोरच्या डोंगराकडे पाहत राहिला. मग सौ.ने हे वचन सर्वांकडून घेतले. रोज संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकाने सांगायचे : डोके कसे, पोट कसे, काल झोप लागली का. सलग दोन जेवणे ज्याला गेली नाहीत त्याने वर जायचे नाही. हा नियम तिने वहीत लिहिला आणि खाली चौघांच्या सह्या घेतल्या.

पहिला कोरा दिवस बांबूला खर्च झाला. कन्येच्या टाचेला मोठा फोड आला होता. दिवसभर तिने पाय उघडा ठेवून दाइकडून नेपाळी आकडे पाठ केले. माझ्या जुन्या बेतात त्या पायाला पट्टी बांधून पुढे चालवले असते. दुसऱ्या सकाळी ती न लंगडता निघाली. चढावर दाइ सारखा 'बिस्तारै, बिस्तारै' म्हणत असे, म्हणजे सावकाश. मेहुणा मुकाट्याने कन्येच्या मागून एक-एक पायरी चढत होता. हिमालयच्या मुक्कामावर त्याने आपण होऊन सांगितले, "आज थोडे डोके जड आहे." त्या रात्री आम्ही सगळे लवकर झोपलो, सकाळी त्याचे डोके हलके झाले होते. पाच वर्षांपूर्वी एवढे वाक्य त्याच्या तोंडून निघाले असते तर!

दुसरा कोरा दिवस देउरालीला लागला, आणि तो माझ्यासाठी. आदल्या दुपारी माझे पोट बिघडले होते. मी ते कोणाला सांगितले नाही. सांगायला लाज वाटते, पण मीही तेच केले जे मेहुण्याने केले होते. संध्याकाळी विचारपूस झाली तेव्हा मी म्हणालो, "उत्तम." कन्या म्हणाली, "बाबांनी दुपारी सूप खिडकीतून ओतलं." सौ.ने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेपुढे हिमदंश बरा.

एक दिवस थांबलो. दुसऱ्या सकाळी ताप नव्हता, परंतु अन्न जात नव्हते. परतीच्या विमानाचा दिवस ठरलेला होता आणि कोरा रकाना आता उरला नव्हता. वही उघडून दाखवायची वेळ कोणावर आली नाही. मी म्हणालो, "तुम्ही जा." कन्येच्या डोळ्यांत पाणी आले. सौ. म्हणाली, "आपण सगळेच परतू." हे ती मनापासून म्हणत होती, म्हणूनच मला ते मान्य करणे शक्य नव्हते. दाइ आणि एक भरिया त्यांच्याबरोबर गेले, दुसरा माझ्याजवळ राहिला.

तो दिवस मी देउरालीच्या अंगणात, कांबळे पांघरून, घळईतल्या नदीचा आवाज ऐकत काढला. वर कोणी जाताना दिसे, कोणी उतरताना. उतरणाऱ्या प्रत्येकाला मी विचारी, वर हवा कशी आहे. त्याच वाटेने पाच वर्षांपूर्वी रात्री आम्ही खाली आलो होतो. दिवसा ती अगदी साधी, रुंद वाट होती. संध्याकाळी मला मऊ भात आणि मेतकूट गेले. भरिया हसून म्हणाला, आता बरे वाटते आहे. पण आता वर जाऊन काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मंडळी उतरून आली. सर्वांत पुढे कन्या. तिने सांगायला सुरुवात केली ती संपेचना : पहाटे चार वाजता निघालो, बाटलीतले पाणी गोठले होते, सूर्य आला तेव्हा आधी फक्त टोक पेटले आणि मग सगळी भिंतच्या भिंत तांबडी झाली. ती भिंत म्हणजे अन्नपूर्णेची दक्षिण बाजू. १९७० साली डूगल हॅस्टन आणि डॉन व्हिलन्स याच बाजूने माथ्यावर गेले होते, असे मी तिला पुण्यात शिकवून ठेवले होते. आता तीच मला शिकवीत होती. मेहुणा आल्या-आल्या म्हणाला, "भावोजी, रेघेवरून चालून दाखवू का?" आणि अंगणातल्या फरशीवर टाचेला अंगठा लावून दहा पावले सरळ चालून गेला.

सौ. सर्वांत शेवटी आली. माझ्या शेजारी बसली, बूट सोडले. घरच्या अन्नपूर्णेला वाहायचे हळदकुंकू तिने पुडीत बांधून नेले होते. ते तिने तळावरच्या एका दगडाला वाहिले होते. "कशी आहे?" मी विचारले. ती म्हणाली, "मोठी आहे हो. आपल्या वाटीत मावायची नाही." मग थोड्या वेळाने, "जेवलात का?"

हेवा वाटला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. वाटला, आणि अजून वाटतो. पण पाच वर्षांपूर्वी याच अंगणात आम्ही तिघे कसे बसलो होतो ते मला आठवत होते, आणि त्यापुढे हा हेवा फार लहान होता.

आता पुन्हा बेत चालला आहे. कन्या म्हणते, या वेळी बाबांना वर न्यायचेच. आदल्या रविवारी तिने नवी वही आणली आणि रकाने आखायला बसली. मी चष्मा लावून पाहिले. तिने पहिल्यांदा दोन कोरे दिवस आखले होते. मुक्कामांची नावे अजून लिहायची होती.